कडीच्या जागी तार

शुक्रवारची सकाळ होती. भावोजी शब्दकोडं घेऊन बसले होते आणि सात आडव्यावर अर्धा तास अडले होते.

"पठार," वहिनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाल्या. "भूगोलाच्या मास्तरांना हे मी सांगायचं म्हणजे कमाल झाली."

भावोजींनी मुकाट्याने अक्षरं भरली. तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. थोरला भाऊ गेल्यापासून ते वहिनींकडेच राहत आणि त्यांच्या कामात लुडबुड करत. वहिनींचं काम आगींचं. पूर्वी त्या अग्निशमन दलात होत्या. जळक्या घरात शिरून आग कुठे लागली, कशी लागली, हे शोधून काढायच्या. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी ती नोकरी एकाएकी सोडली आणि खाजगी तपास सुरू केला. का सोडली, ते भावोजींना आजवर कळलं नव्हतं. विचारलं की वहिनींना नेमकं तेव्हाच गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. लोक त्यांना काजळीबाई म्हणत. त्यांना ते नाव आवडायचं.

दार वाजलं. आत आली ती तिशीची, पांढऱ्या गणवेशातली नर्स.

"मावशीला सोडवा," बसायच्या आधीच ती म्हणाली.

"कोण मावशी?"

"मी ज्या घरी आप्पांना सांभाळते, तिथली धुणंवाली. काल आग लागली. आप्पा गेले. फौजदारांनी सगळं खापर मावशीवर फोडलंय. सोमवारी तिला कोर्टात उभं करणार."

वहिनींनी तिला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला सांगितलं. सिस्टरने सांगितलं ते असं. घर तीन मजली, खाली तळघर. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक पत्र्याची झडप. झडप ओढून मळके कपडे आत टाकायचे, की ते भिंतीतल्या उभ्या बोगद्यातून थेट तळघरात, जाळीच्या टोपलीत पडतात. घरात सगळे त्याला घसरगुंडी म्हणत. आप्पा तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले. घसरगुंडीची झडप त्यांच्या दारासमोरच. काल दुपारी साडेबाराच्या सुमारास टोपली पेटली आणि धूर त्या बोगद्यातून वर आला.

"अशी घसरगुंडी म्हणजे घराच्या पोटातलं धुराडंच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कुठे होता?"

"दहाला बाहेर पडले. हॉस्पिटलातून रिपोर्ट आणायचे होते. एकला परतले तर दारात बंब. जवानांबरोबर मीच वर गेले, आप्पांची नाडी पाहिली. काही उरलं नव्हतं. मुलगा आणि सून कामावरून दोनला पोचले, तोवर आप्पांना खाली आणलं होतं."

"आणि मावशी?"

"अंगणात बसली होती. हात भाजलेला." सिस्टरचा आवाज पहिल्यांदाच कातर झाला. "गुरुवार तिच्या सुट्टीचा. काल का आली, देव जाणे. तिला पाहिलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली."

"माझं नाव कुणी सुचवलं?"

"कुणी नाही. एका जुन्या कागदावर वाचलं होतं."

वहिनींनी उठून चपला घातल्या.

*

तळघरात अजून घोट्याएवढं पाणी होतं. फौजदार कोरड्या पायरीवर उभे होते.

"साधी गोष्ट आहे, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर पॉलिशवाला कठड्याला जवसाचं तेल लावत होता. तेलाच्या चिंध्या म्हातारीने गोळा करून टोपलीत कोंबल्या. अशा चिंध्यांचा गोळा आपोआप तापतो आणि पेटतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. शिवाय तिने हे करून ठेवलेलं."

त्यांनी बोट दाखवलं. घसरगुंडीच्या तळाच्या तोंडाशी जाड लोखंडी दार होतं, वर उचलून धरलेलं. धरलं होतं एका तारेने.

"इथे तार नसते," वहिनी भावोजींना म्हणाल्या. "इथे कडी असते. पितळेच्या दोन पट्ट्या, मधे डाकाने, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मऊ धातूने, चिकटवलेल्या. खोली तापली की डाक वितळतो, पट्ट्या सुटतात आणि दार आपल्या वजनाने खाली येतं. धूर तळघरातच कोंडतो. वरचा माणूस वाचतो."

"कडी तुटली असेल, म्हातारीने तार बांधली," फौजदार म्हणाले.

"तुटलेल्या पट्ट्या सापडल्या का?"

"सगळी खोली चाळली. नाही सापडल्या."

वहिनी टोपलीकडे वळल्या. जाळीतून कपड्यांचा चिखल झालेला ढीग दिसत होता. भावोजींनी नाकाला रुमाल लावला आणि वाकून पाहिलं. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"हे तर खडकाचे थर झाले, वहिनी. आधी साचलं ते तळाशी, नंतरचं वर."

"बोला, बोला."

"तळाला चादर. जराशीच करपली आहे. वर शर्ट, कॉलरी आणि बटणं उरली आहेत. आणि मधे हा काळा गोळा. इथेच सगळ्यात जास्त जळलंय."

वहिनींनी गोळा हुंगला. "जवस. भावोजी, आज तुमचा पगार वाढला."

"मला पगारच नाही."

"म्हणूनच वाढवला."

मग त्या तिसऱ्या मजल्यावर चढल्या. झडपेला स्प्रिंग होती. उघडली की हात सोडताच ती खटकन मिटत होती. तरीही तिची चौकट, मिटल्यावर झाकली जाते तिथपर्यंत, काळी कुळकुळीत होती. वहिनींनी झडपेच्या मुठीवर विजेरीचा झोत टाकला. काजळीत दोन बोटं रुंद पट्टी स्वच्छ उरली होती. शेजारच्या भिंतीतल्या टॉवेलच्या हुकावरही तशीच पट्टी.

"काय दिसतं?"

"कुणीतरी पुसलंय," भावोजी म्हणाले.

"पुसलं असतं तर कडा पुसट पसरल्या असत्या. ह्या बघा, पट्टीने आखल्यासारख्या आहेत." आणि पुढे काही न बोलता त्या जिना उतरल्या. भावोजींना त्यांची ही सवय मुळीच आवडत नसे.

*

मुलगा दिवाणखान्यात बसला होता. बाप गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडलं नसतं.

"खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पन्नाशीला आलो तरी चारचौघांत मला गाढव म्हणायचे. पण आगीला मात्र ते घाबरायचे. ह्या घरातल्या सगळ्या स्प्रिंगा, ती कडी, त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतल्या."

"का घाबरायचे?"

"ते कंत्राटदार होते. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी मुलींचं एक वसतिगृह बांधलं होतं. तिथेही अशीच घसरगुंडी होती. आग लागली, वरच्या मजल्यावर चार मुली गेल्या. चौकशीत तिथल्या धुणंवालीचा दोष निघाला. गरम इस्त्रीखालचं कापड टोपलीत टाकलं म्हणे. ती तुरुंगातच वारली."

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"तिचं कुणी होतं?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी होती म्हणतात. तिचं काय झालं, आम्ही चौकशी केली नाही."

"काल सकाळी तुमचे शर्ट घसरगुंडीत कधी टाकलेत?"

"निघताना. आठला."

सून शाळेत शिकवायची. ती कुठल्याही प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देत होती. "मावशींची सुट्टी गुरुवारी असते. पण शनिवारी त्यांना नातीला बघायला जायचं होतं. म्हणून या गुरुवारी येते आणि शनिवारी येत नाही, असं त्यांनी मंगळवारी मला सांगितलं. तेव्हा हे होते, पॉलिशवाला होता."

"आणि सिस्टर?"

"मंगळवार सिस्टरांच्या सुट्टीचा. त्या बुधवारी पहाटे आल्या. मी त्यांना सांगायला विसरले. तसं त्यांचं आणि मावशींचं काम पडतच नाही."

पॉलिशवाला घुश्शातच होता. बुधवारी आप्पांनी त्याला खोलीत बोलावून कठड्याच्या रंगावरून शिव्या घातल्या होत्या. "मरायला टेकलेला माणूस, पण तोंड बघा. गुरुवारी मी आलोच नाही. आणि चिंध्यांचं मला सांगू नका, बाई. माझ्या बापाचं दुकान अशाच चिंध्यांनी जळलंय. मी सगळ्या पाण्याच्या बादलीत बुडवून गेलो होतो. सहा होत्या. मोजा."

बादलीत सहाच्या सहा होत्या. जवसाच्या तेलाची बाटली मात्र अर्धी रिकामी होती. ती आपण भरलेली ठेवून गेल्याचं त्याने शपथेवर सांगितलं.

"हाच," बाहेर पडल्यावर भावोजी कुजबुजले. "शिव्या खाल्ल्या, तेल त्याचं."

"तेल त्याचं म्हणूनच नाही. स्वतःची बाटली वापरून वर त्याच बाटलीकडे बोट दाखवायला तो काही तुमचा विद्यार्थी नाही."

मावशी पोलीस चौकीच्या बाकावर बसली होती. हाताला पांढरी पट्टी. ती रडत नव्हती, चिडली होती.

"बुधवारी संध्याकाळी टोपली रिकामी केली मी. पितळेची कडी पदराने पुसली. रोज पुसते. काल साडेदहाला आले, मागच्या दाराने. आधी हाताने धुवायचे कपडे धुतले, अंगणात वाळत घातले. आत गेले तर हा जाळ. टोपली ओढायला गेले आणि हात पोळला."

"वर कुणी भेटलं? बुधवारी, काल?"

"गुडघे गेलेत माझे. सहा वर्षं झाली, तो जिना चढले नाही. कपडे आपले आपण खाली येतात, धुतलेले सूनबाई वर नेतात." तिने वहिनींकडे रोखून पाहिलं. "बाई, ज्याने माझ्यावर हे आणलं ना, त्याचा हात ह्याच जाळात धरीन मी."

शनिवारी सकाळी वहिनी एकट्याच बाहेर पडल्या. अग्निशमन दलाच्या जुन्या कचेरीत काम आहे म्हणाल्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला होता की भावोजींनी न विचारता चहा टाकला. मग वहिनी दार लावून तासभर काहीतरी लिहीत बसल्या.

*

दुपारी चारला सगळे तळघरात जमले. मुलगा, सून, पॉलिशवाला, सिस्टर. फौजदारांनी मावशीला आणलं होतं. तिला बसायला भावोजींनी उलटी बादली दिली.

"टोपलीपासून सुरू करते," वहिनी म्हणाल्या. "थर ओळखले ते भावोजींनी. बुधवारी संध्याकाळी टोपली रिकामी होती. तळाशी चादर आहे, ती आप्पांची. सिस्टर, चादर कधी बदलता?"

"साडेसहाला."

"वरचे शर्ट आठचे. तेलाचा गोळा या दोन्हींच्या मधे. म्हणजे तो साडेसहा ते आठच्या दरम्यान पडला. मावशी साडेदहाला आली."

"मधे खुपसला असेल," फौजदार म्हणाले.

"तर शर्ट विस्कटले असते. ते एकावर एक, वरून पडले तसेच होते. शिवाय पॉलिशवाल्याच्या सहाही चिंध्या बादलीत आहेत. कुणीतरी दुसरी फडकी घेतली, बाटलीतलं तेल ओतलं, गच्च गोळा केला. जवस तापायला काही तास घेतं. तेवढ्यात माणूस निवांत बाहेर जाऊन येऊ शकतो."

पॉलिशवाल्याने मान हलवली.

"आता कडी. बुधवारी संध्याकाळी ती जागेवर होती. आगीत वितळली असती तर पट्ट्या जमिनीवर सापडल्या असत्या. नाहीत. म्हणजे आगीआधीच कुणीतरी ती काढली, तार बांधली आणि कडी बरोबर नेली. खालचं दार उघडं राहील याची सोय झाली. वरच्या झडपेचं काय? तिची चौकट आतून काळी आहे, म्हणजे आग लागली तेव्हा ती सताड उघडी होती. स्प्रिंगची झडप आपोआप उघडी राहत नाही. मुठीपासून हुकापर्यंत काहीतरी बांधलं होतं. ते होतं तेवढ्या जागी काजळी बसली नाही. आगीनंतर ते काढून घेतलं गेलं."

"जवानांनी काढलं असेल," मुलगा म्हणाला.

"मी त्यांना विचारलं. त्यांनी हात लावला नाही. तुम्ही दोघं दोनला आलात, तोवर आप्पा खाली होते आणि वर पहारा होता. मधल्या वेळात घरचं एकच माणूस वर गेलं होतं."

भावोजींना उशिरा का होईना, उजाडलं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. ती शांतपणे वहिनींकडे बघत होती.

"आणखी एक," वहिनी म्हणाल्या. "ज्याने हे केलं त्याला घर रिकामं हवं होतं. टोपलीला दिवसभर कुणी हात लावायला नको होता. म्हणून त्याने मावशीच्या सुट्टीचा दिवस निवडला. पण या गुरुवारी मावशी येणार, हे मुलाला, सुनेला, पॉलिशवाल्याला, तिघांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकाच माणसाला."

"मला," सिस्टर म्हणाली. "मंगळवारी माझी सुट्टी होती."

फौजदार पुढे सरकले. वहिनींनी हाताने थांबवलं.

"वसतिगृहातल्या त्या धुणंवालीची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिचं नाव आज सकाळी मी जुन्या कागदात वाचलं. तुमचंच आहे. तुम्ही सूड घ्यायलाच या घरात आलात?"

"नाही." ती सगळ्यांकडे पाठ करून त्या तारेकडे वळली. "अहवालात कंत्राटदाराचं नावच नव्हतं. फक्त आईचं होतं. दोन वर्षं मी ह्या माणसाला आंघोळ घातली, भरवलं. महिन्यापूर्वी दूध पाजत होते. म्हणाला, त्या वसतिगृहात कड्या लावायचं मी विसरलो नव्हतो, लावल्याच नाहीत. कडीच्या जागी तार ठोकली. पण माझं नशीब बघ, एक धुणंवाली सापडली. आणि हसला. हसताना दूध हनुवटीवर ओघळलं. मी पुसलं."

सुनेने तोंडावर हात ठेवला.

"त्यानंतरच्या मंगळवारी, सुट्टीला घरी जाऊन मी पत्र्याच्या डब्यात तेलाची फडकी ठेवून पाहिली. पेटली. पुन्हा ठेवली, पुन्हा पेटली. गुरुवारी झडप बांधली ती बँडेजने. त्याला दिसेल अशी. त्याने विचारलं, उघडी का ठेवतेस. मी म्हटलं, आईसाठी. त्याला कळलं. मी जिना उतरेपर्यंत हाका मारत होता." ती वळली. "मला त्याचं जराही वाईट वाटत नाही."

"माझा हात पोळला, पोरी," मावशी बादलीवरून म्हणाली.

सिस्टरचा चेहरा आता कुठे उतरला. "तू येशील हे मला माहीत नव्हतं, मावशी."

"आणि माहीत असतं तर?"

"पुढच्या गुरुवारी केलं असतं."

चौकीत बोललेलं मावशीला आठवत असावं. पट्टीचा हात तिने पदराखाली घेतला आणि मान फिरवली.

"एक राहिलं," सिस्टर वहिनींना म्हणाली. "मी तुमच्याचकडे का आले, ते नाही सांगितलंत."

वहिनी तारेपाशी गेल्या.

"वसतिगृहाच्या अहवालाखाली सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "तिथली तार मी पाहिली होती. लिहिलीही होती. साहेबांनी ते पान काढून टाकलं आणि उरलेल्या पानांवर सही करायला सांगितलं. मी केली. आठवड्याने राजीनामा दिला आणि स्वतःला फार शूर समजले."

"तुम्ही राजीनामा दिलात. आईला ती सोय नव्हती." सिस्टर शांत आवाजात म्हणाली, आणि तो आवाज ऐकवत नव्हता. "मावशीला धरलं तेव्हा मी सरळ फौजदारांकडे जाऊ शकले असते. पण मग तुम्ही तिकडे सुखाने शब्दकोडी सोडवत बसला असता. म्हटलं, तोच धूर, तीच तार, तशीच धुणंवाली तुमच्यापुढे ठेवावी. बघावं, या वेळी सही कशावर करता."

तिने पर्स उघडली आणि पितळेची कडी मावशीच्या मांडीवर ठेवली. बोटाएवढी होती. मावशीने पुसून पुसून ती आरशासारखी केली होती.

वहिनींनी पिशवीतून दोन कागद काढले. "हा गुरुवारच्या आगीचा अहवाल, फौजदारसाहेब. मावशीला आत्ता सोडा. आणि हा दुसरा. अठरा वर्षं उशीर झालाय. कारण: कडीच्या जागी तार. दोष: कंत्राटदार, माझे साहेब आणि मी. धुणंवालीचा दोष नाही. खाली सही केली आहे. माझ्यावर काय कारवाई करायची, ते तुमचं तुम्ही ठरवा."

फौजदारांनी पहिला कागद घडी करून खिशात घातला. दुसरा त्यांनी सिस्टरच्या हातात दिला. तिने तो सावकाश वाचला. सहीपाशी थांबली, मग पुन्हा वर गेली.

"पेन आहे?" तिने विचारलं.

भावोजींनी खिशातलं शब्दकोड्याचं पेन काढून दिलं. तिने ते वहिनींपुढे धरलं.

"आईचं नुसतं नाव लिहिलंय," ती म्हणाली. "पूर्ण लिहा. आडनावासकट. तेव्हा आरोपात लिहिलं होतं तसं."

वहिनींनी कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं. अक्षर वाचता येतंय की नाही, हे पाहायला सिस्टर वाकली. मग तिने मान हलवली आणि फौजदारांबरोबर पायऱ्या चढू लागली.